बत्तीस मुली आणि एक गाठ

राष्ट्राचं भवितव्य शाळेच्या पटांगणावर घडत असतं, आणि पटांगणावर मंडप घातलेला असेल त्या दिवशी ते वऱ्हांड्यात घडतं. कोरेगावजवळच्या एका हायस्कुलात ते गेली एकोणीस वर्षं असंच घडत आलं होतं. तिथल्या गाइड पथकात बत्तीस मुली. गेल्या वर्षी पथकानं अकरा पाहुण्यांना सलामी, सात जणांना गुलाबपुष्प आणि जिल्हा परिषदेच्या एका माजी सदस्यांना (ते चुकून आले होते) दोन्ही दिलं. पथकाकडं दोरीसुद्धा होती. ती गर्दी मागं रेटायला वापरत.

यंदा वरून पत्र आलं, की प्रत्येक पथकाला गावातली एक महिला स्वयंसेवक हवी. मुख्याध्यापक दिग्विजय सरांनी पालकसभेत आवाहन केलं. सभेत कमालीचा उत्साह पसरला आणि प्रत्येकीनं शेजारणीचं नाव सुचवलं. हात वर केला तो एकट्या हरणाबाईनं. तिचं कुटुंब दुष्काळी माण तालुक्यातून मेंढरं घेऊन आलं आणि कालव्याच्या कडंला राहिलं. नात सोनम याच पथकात होती. अर्ज सरांनीच भरला. शिक्षण सातवी (पुढच्या वर्षी मेंढरं वाढली). उघड्यावरचे मुक्काम, तीस वर्षं. ‘शिबिराचा अनुभव’ या रकान्यात सरांनी ‘नाही’ लिहिलं, कारण तिच्याकडं शिबिराचा दाखला नव्हता.

दर शनिवारी सकाळी हरणाबाई यायला लागली. वाऱ्यात चूल कशी पेटवायची, ठशावरून जनावर कसं ओळखायचं, हे तिनं दाखवलं. आणि एक गाठ शिकवली.

“ही सरकत न्हाई, आवळत न्हाई. हिरीत पडलेलं कोकरू हिनंच वर काढलंय म्या. माणूसबी निघतंय.”

मुली हसायच्या, पण बोटं चालवायच्या. हजेरी नऊच्या वर जात नसे. बाकीच्या शिकवणीला असत, कारण गणिताचा तास ठरलेला असतो आणि बुडण्याची वेळ ठरलेली नसते.

जानेवारीत कोरी प्रमाणपत्रं आली. त्यामुळं दहावीला गुण वाढतात, असं सगळ्या गावानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. हरणाबाईनं फक्त सह्या करायच्या होत्या. तिनं बारीक अक्षरांतला मजकूर सोनमकडून वाचून घेतला, बत्तीसही जणींना कालव्यावर नेलं आणि पदर खोचून कंबरभर पाण्यात उतरली.

“गाठ एकीनं बांधायची, वढायला समद्यांनी. काढा मला भाईर.”

नऊ जणींनी तिला नऊ वेळा काढलं. दहावी आली साक्षी, संस्थेचे चेअरमन आप्पासो यांची नात. तिनं गाठ बांधून वेढा टाकला, हरणाबाईनं काखेत घेतला, मुलींनी ओढलं आणि गाठ सुटली. हरणाबाई उताणी पडली, दोन घोट पाणी प्याली. काठावर साक्षी रडायला लागली.

“आज्जी, माझ्यामुळं...”

“रडू नगं. मी हुभी हाय न्हवं? शनवारी ये.”

बाकीच्यांनी दोरीला हातच लावला नाही. सह्या झाल्या नऊ.

“मावशी, प्रमाणपत्र गाठीचं नसतं हो, सहभागाचं असतं,” सरांनी समजावलं.

“मग ‘बुडत्यास दोरीने बाहेर काढता येते’ आसं कशापायी छापलंय?”

सरांनी कागद उलटसुलट पाहिला. एकोणीस वर्षांत ते वाक्य कुणी वाचलं नव्हतं.

तातडीची पालकसभा बोलावली. मुलींच्या भवितव्याचा प्रश्न असल्यानं या खेपेला उपस्थिती शंभर टक्के होती. आप्पासोंनी हरणाबाईच्या कार्याचा गौरव केला. टाळ्या पडल्या. तिच्या प्रकृतीची काळजी वाटून तिला जबाबदारीतून मुक्त करावं, असा ठराव आला. टाळ्या जास्त पडल्या. हरणाबाई उठली.

“माजी तब्बेत झ्याक हाय,” ती म्हणाली. “पोरींचं बघा.”

हे इतिवृत्तात ‘आभार मानले’ असं नोंदलं गेलं.

नव्या स्वयंसेवक म्हणून साक्षीच्या आई आल्या आणि त्यांनी राहिलेल्या तेवीस सह्या चार मिनिटांत केल्या (त्यात एकदा पेन बदलला).

शनिवारी साक्षी मेंढरांच्या वाड्यावर हजर झाली. प्रमाणपत्र हातात पडलेलं असल्यानं आता तिनं शिकायला घरच्यांची हरकत नव्हती. तिसऱ्या शनिवारी तिनं हरणाबाईला पाण्यातून ओढून काढलं, तेही सोनमच्या एकटीच्या मदतीनं. हरणाबाईनं ओला पदर पिळला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढली.

“धा झाल्या,” ती म्हणाली, आणि दोरी वाळत घातली.

राहिलेली बावीस प्रमाणपत्रं चांगल्या घरांतून आहेत. एखादं आपल्याही घरी असेल. त्याबद्दल शंका घेऊ नये. सही आहे, शिक्का आहे. सुटीत लेकीला घेऊन धरणावर जाल, तेव्हा तेवढं बरोबर ठेवा. लॅमिनेशन मात्र करून घ्या. पाण्यात पडलं तरी अक्षर पुसलं जात नाही.