बिनचूक माफीनामा

माफी मागायची नाही म्हणजे नाही, असं हेडक्लार्कांनी ठरवून टाकलं. ऑफिसात त्यांना सगळे 'तोफ' म्हणत. आदल्या दिवशी कपाटांच्या जागा बदलण्यावरून ही तोफ नव्या साहेबांवर धडाडली, टेबलावर मूठ आपटली आणि उजव्या हाताची बोटं मोडून घरी आली. (टेबलाला काही झालं नाही.) मागोमाग साहेबांचा निरोप: उद्या संध्याकाळपर्यंत लेखी माफी, नाहीतर बदली.

"माफी? सडेतोड खुलासा धाडतो!"

पण प्लास्टरमधल्या हाताने टाइप कसं करणार? लेकीने कॉम्प्युटरवर बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. "बाबा, आधी त्याला तुमचा आवाज शिकवा. घरात बोलता ना, तसंच बोला." बाबा बराच वेळ घरातल्यासारखं बोलले. लेक कामावर गेली.

मग हेडक्लार्क उभे राहिले आणि ऑफिसच्या आवाजात कडाडले, "महोदय! मी कोणाच्या बापाला भीत नाही!"

पडद्यावर नुसती अगम्य अक्षरं, आणि प्रत्येकाखाली चूक दाखवणारी लाल रेघ. चूक सुधारायला 'मागचं खोड' म्हणायचं होतं. ते त्यांनी एवढ्या जोरात म्हटलं की त्याच्याही खाली लाल रेघ आली.

"अहो, जरा हळू बोला की. त्याला तुमचा घरातला आवाज ठाऊक आहे," बायको आतल्या खोलीतून म्हणाली.

"खुलासा काय कुजबुजत देतात?" ते यंत्रावरच खेकसले. डाव्या हाताने सगळं पुसलं, घामेजलेला चष्मा काढून ठेवला आणि पहिल्यापासून अख्खा खुलासा पुन्हा गरजले. (आता मात्र यंत्राने हायच खाल्ली. एक अक्षर घेतलं नाही. पण हे नंतर कळलं.)

"अहो, दूध उतू गेलं! लक्ष ठेवा म्हटलं होतं ना?"

तोफेचा आवाज झटकन खाली आला. "चुकलं गं माझं. रागाच्या भरात भान राहिलं नाही. पुन्हा असं होणार नाही."

"आणि ते करपलेलं भांडं?"

"मी घासतो ना. तू म्हणशील तसं."

एवढं बोलून ते वळले, तर काय! पडद्यावर सरळ ओळी, लाल रेघ एकही नाही. "बघ! आला की नाही वठणीवर?" म्हणत त्यांनी बिनचष्म्यानेच पाठवायचं बटण दाबलं.

साहेबांचं उत्तर लगेच आलं. बायकोने वाचून दाखवलं: "इतकी मनापासूनची माफी मी आजवर पाहिली नाही. बदली रद्द. भांडं घासायची गरज नाही. फक्त मला 'गं' म्हणू नका."

हेडक्लार्क ताडकन उठले. "ही माफी मी मागितलेलीच नाही! बदली झाली तरी बेहत्तर! आत्ताच्या आत्ता खुलासा..."

"आधी भांडं," बायको म्हणाली.

"हो गं."

पडद्यावर दोन शब्द उमटले. बिनचूक.