नेने डॉक्टरांचे बुटके ट्यूलिप

नेने डॉक्टर आपल्या ट्यूलिपना पेशंट म्हणत. मार्च उजाडला की ड्रेसिंग गाऊनवर माकडटोपी चढवून ते लंडनजवळच्या हॅरोतल्या आपल्या बागेत वाकायचे आणि कुंपणापलीकडून मला बुलेटिन द्यायचे, "वहिनी, तिसरा शुद्धीवर येतोय." हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल दिलेला माणूस, कुणी आपणहून जागं होतंय याचं त्यांना फार अप्रूप.

आणि ट्यूलिप तरी कसले? वीतभर. मे महिन्यात सगळ्या गल्लीत गुडघाभर उंच, डौलदार ट्यूलिप डोलायचे, तेव्हा डॉक्टरांच्या वाफ्यात नुसती पिवळी पानं.

पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन आले होते आणि अक्कल सोडून सगळं सामान पुण्याहून आणलं होतं. सिनेमातल्या नायिकेसारखा ट्यूलिपमध्ये उभं राहून फोटो काढायचा आणि नणंदेला जळवायचं, हा माझा इंग्लंडला येण्याचा मुख्य उद्देश. फोटो डॉक्टरांनीच काढला. फुलं नीट यावीत म्हणून कॅमेरा इतका खाली धरला की फोटोत पैठणीचा काठ, सँडल आणि ट्यूलिप. आता नात तो बघून विचारते, "आजी, यात तू कुठेयस?"

"जरा उंच जात लावा की, डॉक्टर," मी तेव्हा फणकारले होते.

"उंच ते मेमध्ये फुलतात. निखिल मार्चमध्ये येतो."

निखिल त्यांचा मुलगा, इथेच जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं, मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरमध्ये. आई गेल्यापासून वर्षातून एकदा, इथल्या मार्चमधल्या मदर्स डेला, रविवारी, यायचा. ट्यूलिप बघायचा, "छान आली आहे फूल" म्हणायचा, चहा प्यायचा, निघायचा. बापलेकांना बोलायला तेवढाच विषय. तो फुलला नसता, तर चहा फारच लवकर संपला असता.

एका वर्षी थंडी हटेचना. तो रविवार आला आणि कळ्या घट्ट मिटलेल्या. मी खिडकीतून बघते, तर डॉक्टर एक्स्टेन्शनची वायर ओढून कळ्यांवर बायकोचा हेअर ड्रायर फिरवतायत.

"केस सेट करून देताय का त्यांचे?" मी कुंपणाशी जाऊन विचारलं.

"टोमणे नंतर मारा, वहिनी. तो येईलच आता."

तो आलाच. "बाबा, काय करते तू?"

"उघडत नाहीयेत रे," डॉक्टर म्हणाले. "उगाच आलास एवढ्या लांब."

निखिलनं अंगातला कोट काढला. मग तो त्यांच्या खांद्यावर टाकला आणि चिखलात शेजारी उकिडवा बसला. "ड्रायर मला दे. तुझा हात थंड झाली आहे."

सोमवारी लख्ख ऊन पडलं. निखिलची गाडी अजून दारातच होती. ट्यूलिप सगळे उघडलेले, तांबडे-पिवळे, आणि बघायला बागेत कुणी नाही. शेवटी मीच हाक मारली, "डॉक्टर, फुलं बघा तुमची."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोडणीचा वास आला आणि मागोमाग आवाज. "थांबा हो वहिनी. याला पोह्यांत मिरची कितपत चालते, ते विचारतोय."