चिरकलं कोण?

लेक इस्त्री करता करता नवा रॅपचा अल्बम ऐकत होती. तिसरं गाणं लागलं आणि आतल्या खोलीतून क्लॅरिनेटवाले एकाच पायात चप्पल घालून धावत आले.

"थांबव! ही माझी फुंक आहे!"

"बाबा, हे पोरगं तुमच्या निवृत्तीनंतर जन्मलंय."

"बडबडतोय तो नाही गं. त्याच्या मागे वाजतंय ते!"

लेकीने इस्त्री उभी करून समजावलं, की हल्ली जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापतात आणि गाणंभर तोच फिरवत ठेवतात. क्लॅरिनेटवाल्यांची हनुवटी वर गेली. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्यामागे बसून वाजवलं होतं. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव यायचं ते गाणाऱ्याचं.

"आता माझं नाव छापून आणल्याशिवाय गप्प बसणार नाही. लिही त्या रॅपवाल्याला पत्र."

"पुरावा काय? ती रेकॉर्ड आहे घरात?"

नव्हती. तिच्या ध्वनिमुद्रणाला हजर असलेला एकच माणूस आता उरला होता, तळमजल्यावरचे व्हायोलिनवाले. त्यांच्याशी बोलणं बंद होऊन बावीस वर्षं झाली होती, आणि तेही याच रेकॉर्डपायी. तिच्यात एका जागी सूर चिरकला होता. क्लॅरिनेटवाले म्हणत, व्हायोलिन चिरकलं. व्हायोलिनवाले म्हणत, क्लॅरिनेट.

पण नाव म्हणजे नाव. क्लॅरिनेटवाल्यांनी दुसऱ्या पायात चप्पल सरकवली, जिना उतरले आणि बेल दाबून धरली.

"कोण गेलं?" दार उघडत व्हायोलिनवाल्यांनी विचारलं.

"कुणी नाही. वर चल. साक्ष हवीय."

व्हायोलिनवाले वर येऊन डोळे मिटून बसले. लेकीने गाणं लावलं. क्लॅरिनेट वळणं घेत वर चढलं आणि टोकाला पोचताच चीं करून चिरकलं. परत चढलं, परत चीं. व्हायोलिनचा कुठे मागमूस नव्हता.

"याचंच आहे," व्हायोलिनवाले मोठ्या प्रेमाने म्हणाले. "असं चिरकणं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. लिहून देतो. किती वेळा झालं गं?"

"अठ्ठेचाळीस, काका."

"बघ! मी तर एकदाच म्हणालो होतो."

क्लॅरिनेटवाल्यांचे कान लाल झाले. नाव हवं, तर चींसुद्धा पदरात घ्यायला हवी. लेक पेन उघडून थांबली होती.

"लिही," ते म्हणाले. "चिरकलं ते माझंच. पण मी दचकलो होतो! हा दोन मात्रा आधी घुसला म्हणून!"

"मी? पुरावा काय?"

या भांडणात अल्बम बंद करायचं राहूनच गेलं होतं. पुढचं गाणं सुरू झालं. पोराने तीच रेकॉर्ड पुन्हा कापली होती, फक्त जरा आधीपासून. क्लॅरिनेट आपलं शांतपणे चढत होतं. तेवढ्यात दार न वाजवता कुणी आत यावं तसं व्हायोलिन घुसलं, आणि पाठोपाठ चीं.

तुकडा फिरून आला. व्हायोलिन पुन्हा घुसलं.

"हा मी नाही," व्हायोलिनवाले म्हणाले.

"बरं काका. मग पत्रात तुमचं नाव नको ना घालू?"

तुकडा सहाव्यांदा आला. व्हायोलिनवाल्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"घाल. आणि याच्या आधी घाल," ते म्हणाले. "मी आधी शिरलो होतो."