सुजाताताई आणि हरवलेलं ‘नका’

सुजाताताई पंख्याचं बटण कधी सरळ बंद करत नसत. बटणावर बोट ठेवायच्या, मान वळवायच्या आणि खोलीभर विचारायच्या, "अजून कोनी वापरून राह्यलं काय?" सगळ्यांनी नाही म्हटलं की मगच बटण खाली.

यवतमाळात आमचा इलेक्ट्रॉनिक्सचा छोटासा कारखाना होता. ताई तिथे प्रोग्राम लिहायच्या आणि मी सोल्डरिंग करायचो. त्यामुळे हा प्रश्न मी दिवसातून कितीदा ऐकला असेल, सांगता येत नाही. बाभुळगावला माझ्या चुलतभावाच्या लग्नात तर कमालच झाली. जेवणं उरकल्यावर पाहुणे मंडळी कूलरसमोर आडवी झाली होती. कुणीतरी ताईंना म्हणालं, "जरा कूलर बंद करता का?" ताईंनी एकेकाला हलवून उठवायला सुरुवात केली.

"मामाजी, कूलर लागते काय तुम्हाले?"

"झोपलो होतो ना बाई मी!"

"म्हनजे लागते," असं म्हणून ताई पुढच्याकडे वळल्या. शेवटी सगळा मांडव जागा झाला आणि कूलर चालूच राहिला.

हे वेड त्यांच्या कामातून आलेलं. चिपच्या आतली घड्याळं सांभाळणं हे त्यांचं काम. "घड्याळ म्हनजे भिंतीवरलं नाही रे गजा," त्या मला समजवायच्या. "चिपमंदी सारखा ठोका पडते. त्या ठोक्यावर एकेक भाग काम करते. ठोका थांबवला की भाग झोपते, बॅटरी वाचते. पन एकाच ठोक्यावर दोघं काम करून राह्यले असतीन तर? एकाचं झालं म्हनून ठोका थांबवला, तर दुसरा जागच्या जागी गार!" म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात बसणारे जे प्रोग्राम त्या लिहायच्या, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, त्यांना एकच शिस्त होती. ठोका घेताना सांगायचं, सोडतानाही सांगायचं. शेवटच्यानं सोडला की मगच तो बंद करायचा.

कापसाचे ते वाईट दिवस होते. पाऊस बेभरवशाचा, त्यात बोंडअळी. एक फवारणी वाया गेली तरी घरात चूल पेटवताना आठवण यायची. एका संस्थेने आम्हाला बोलका डबा करायला सांगितला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बसायचं, पाऊस मोजायचा आणि रोज सकाळी हवामान पाहून कापसाचा सल्ला द्यायचा. आवाज ताईंचाच भरला होता. पहिला डबा मुकुटबनला लागला. तिथे नीट चालला, तर उमरखेडकडच्या गावांतही लागणार होता.

थोड्याच दिवसांत मुकुटबनहून फोन आला. तिथल्या बचत गटाच्या शेवंताबाई बोलत होत्या.

"तुमच्या डब्यानं सांगतलं, उद्या पाऊस हाय, फवारनी करू. आम्हाले वाटलं, पावसाच्या आंधी उरकून घ्या म्हनते. निंबोळीचा अर्क मारला अन् सारा धुऊन गेला ना!"

"अवो, मी ‘करू नका’ म्हटलं होतं," ताई म्हणाल्या.

"‘नका’ नाही आलं बाई आमच्यापर्यंत."

ताईंनी फोन ठेवला आणि आपलाच प्रोग्राम वाचायला घेतला. डब्यातला पाऊस मोजणारा भाग आणि बोलणारा भाग एकाच ठोक्यावर चालत होते. पाऊस मोजणाऱ्याचा ड्रायव्हर ताईंनी घाईत एका बैठकीत लिहिला होता. त्या सकाळी दोघं एकाच वेळी जागे झाले, पाऊस मोजणाऱ्याचं मोजून झालं आणि त्यानं ठोका सरळ बंद केला. डबा वाक्याच्या मधेच मुका झाला. अख्ख्या मांडवाला विचारणारी बाई तिथे विचारायची विसरली होती.

"वायर ढिली झालती म्हनून सांगून टाका," आमचे मालक म्हणाले.

"वायर कायले? वायर बिचारी बरोबर हाय. मी चुकली."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने मुकुटबनला गेलो. ग्रामपंचायतीसमोर बाया जमल्या होत्या. ताईंनी उभं राहून सगळं सांगितलं, ठोका, ड्रायव्हर, काहीही न लपवता.

शेवंताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हनजे डबा बोलून राह्यला होता, अन् तुम्ही मधातच त्याचं तोंड दाबलं?"

"हो."

"मंग आमच्या घरी कोनता फरक हाय! मी बोलून राह्यली की आमचे हे उठून जातेत!"

बाया अशा हसल्या की पिंपळावरचे पोपट उडाले. हसणं थांबल्यावर शेवंताबाई म्हणाल्या, "पन अर्क पुन्हा करा लागन. बसा कुटाले."

मी डब्यात नवा प्रोग्राम भरत होतो आणि ताई पदर खोचून निंबोळ्या कुटत होत्या. निम्म्या निंबोळ्या उखळाबाहेर उडायच्या आणि त्या वेचायला चार बाया धावायच्या. नंतर ताईंनी पावसाचा भाग आणि आवाज मुद्दाम एकदम चालवून पाहिले. डबा म्हणाला, "उद्या पाऊस आहे, फवारणी करू नका." बायांनी एका सुरात "नकाऽ!" म्हणून टाळ्या पिटल्या.

"ताई, गाडीची वेळ झाली," मी म्हणालो.

"पुढच्या गाडीनं जाऊ."

पुढची गाडी आली, तेव्हाही त्या तेच म्हणाल्या.

उमरखेडकडचं काम आम्हालाच मिळालं. मुकुटबनच्या डब्याची पुन्हा तक्रार आली नाही. तरी ताई दर रविवारी दोन गाड्या बदलून तिकडे जायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "तपासनी."

एका रविवारी नवी बॅटरी पोचवायला मलाच मुकुटबनला जावं लागलं. डब्यापाशी कुणी नव्हतं. ताई शेवंताबाईंच्या अंगणात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. सगळ्या बाया एकदम बोलत होत्या, आणि कारखान्यात अखंड बडबडणाऱ्या ताई नुसत्या ऐकत होत्या.

मला पाहून त्या जराशा लाजल्या.

"आई गेली तवापासून रविवार लई लांब होते रे गजा," त्या हळूच म्हणाल्या. "इथं कसा जाते, समजत नाही."

शेवंताबाईंनी काही न विचारता माझ्यासमोर एक सूप सरकवलं, आणि ताईंनी चटईवर सरकून मला जागा करून दिली.