बुरशी की जंत

"हात लावून बघा, पाण्याचा फुगा झालाय नुसता!" जावई ओरडला.

तपकिरी कोंबडी खुराड्यापाशी मान वाकडी करून उभी होती. गळ्याखालची दाण्याची पिशवी टम्म फुगली होती आणि सकाळपासून तिने एक दाणा टिपला नव्हता. जावयाने चोच उघडून वास घेतला आणि झटकन तोंड फिरवलं. "आंबूस वास येतोय. बुरशी आहे."

"जंत आहेत," स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. मुक्कामाला आल्यापासून कोंबड्यांचा ताबा त्यांनीच घेतला होता. "एवढं खाऊन हाडं वर आलीत. जंतच ते, जावईबापू."

"आई, जंतांना असा वास येतो का?"

"तुम्ही हुंगलेत वाटतं कधी?"

"तिचा जीव जायची वेळ आली, आणि तुमचं काय चाललंय!" लेक म्हणाली.

दोघांनी आपापलं औषध आणलं आणि एकमेकांचं गुपचूप गायब केलं. संध्याकाळी लेकीला जंताचं औषध चपलांच्या कपाटात सापडलं आणि बुरशीचं मोरीत ओतलेलं. तिचं डोकंच फिरलं. तिने कोंबडी खोक्यात घातली, खोकं गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि त्याच्या दोन बाजूंना या दोघांना बसवलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीतला थेंबभर द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "बुरशी आहे."

जावयाने कॉलर ताठ केली.

"आणि जंतांची अंडीसुद्धा."

सासूबाईंनी चष्मा सावरला.

"हिला खायला काय देता?"

"दाणे," दोघं एका सुरात म्हणाले.

"खरं सांगा," लेक म्हणाली.

सासूबाई घुटमळल्या. "अशक्त वाटली म्हणून जरा साखरपाणी. दोन्ही वेळा."

"साखरेवर बुरशी फोफावते, आजी."

जावयाला हसू आवरेना. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"गांडुळं," तो पुटपुटला. "बागेतली. पौष्टिक म्हणून."

"हे जंत गांडुळांतूनच पोटात जातात."

"म्हणजे बुरशी आईची आणि जंत तुझे," लेक म्हणाली. "छान! कोंबडीचं स्वतःचं असं काहीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी बुरशीवर एक आणि जंतांवर एक औषध दिलं. लेकीने दोन्ही औषधं स्वतःकडे ठेवली, खुराड्याला कुलूप घातलं आणि ड्रॉपरने एकेक थेंब पाजताना हात ओरबाडून घेतले. पिशवी हळूहळू ओसरली. एका सकाळी कोंबडीने दाण्याचं भांडंच उलथं केलं आणि खाली सांडलेल्या सगळ्याचा चट्टामट्टा केला.

ही खूशखबर सांगायला लेक आत धावली. सासू-जावई चक्क समोरासमोर बसून चहा पीत होते.

"त्या डॉक्टरीणबाईला काही कळत नाही," सासूबाई म्हणत होत्या.

"अगदी माझ्या मनातलं बोललात, आई." जावयाने अदबीने त्यांचा कप भरला. "बघा ना, कोंबडी आपली आपणच बरी झाली."

"तर काय! आपल्या दोघांचं कधी नव्हे ते पटलं हो."

लेक आल्या पावली मागे फिरली आणि खुराड्यापाशी जाऊन बसली. निदान कोंबडीचं तरी या विषयावर काही मत नव्हतं.