पुठ्ठ्याच्या चिंचमळ्याचे विद्युतीकरण

सन २००३ च्या भाद्रपदात चिंचमळ्याला पिठाची गिरणी आली. वीज आलेली नव्हती. गिरणी एका कार्यालयाकडची आणि वीज दुसऱ्या कार्यालयाकडची असल्यामुळे दोघींची गाठ घालून देणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

चिंचमळा म्हणजे पिंपरी पेंढारच्या पुढं, ओढा ओलांडला की लागणारी चौदा घरांची वस्ती. विजेचे खांब ओढ्याच्या अलीकडच्या काठापर्यंत आले होते आणि गेली सात वर्षं तिथंच उभे राहून पाण्याचा अंदाज घेत होते. गिरणी मात्र बैलगाडीत बसून ओढा उतरली आणि बचत गटाच्या अध्यक्ष अंजनाच्या पडवीत गोणपाट पांघरून बसली. वस्तीवरच्या बायका दर चार दिवसांनी डोक्यावर दळण घेऊन तिच्यासमोरून जायच्या, पाऊण तास चालून गावातल्या गिरणीवर पोचायच्या आणि पीठ घेऊन तेवढंच चालत परत यायच्या. सत्तरीची ठकूबाई येता-जाता गोणपाटावरून हात फिरवायची.

"अंजे, भाकड म्हशीवानी नुसती बसलीये गं ही. दूध कधी देणार?"

अंजनाकडं नुसता मंजुरीचा आदेश होता. त्यातली सहावी अट अशी की, गिरणी एका वर्षात कार्यान्वित न झाल्यास परत घेण्यात येईल. विजेसाठी तिनं चार अर्ज केले. ते पोचल्याचं कळलं, पुढं त्यांचं काय झालं ते कळलं नाही.

अंजनाच्या हातात कला होती. गणपतीची मखरं, दिवाळीचे कंदील, लग्नातली बाशिंगं, पंचक्रोशीत कागदाचं जे काही लागे ते ती करी. तालुक्याला बचत गटांचं हस्तकला प्रदर्शन भरणार आणि मोठे साहेब येणार असं कळल्यावर तिच्या मनानं घेतलं की, अर्ज कोणी वाचत नसलं तरी डोळ्यांसमोर ठेवलेली वस्तू साहेबांना दिसेलच. तिनं जुन्या लग्नपत्रिका आणि बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा घेऊन अख्खा चिंचमळा उभा केला. चौदा घरं, चिंचेचं झाड, गोठे, ठकूबाईच्या दारातली तुळससुद्धा.

मग ती जुन्नरच्या बाजारात रहमतुल्लाकडं गेली. रेडिओ आणि बॅटऱ्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं टॉर्चचे चौदा बारीक बल्ब घेतले, तारा डकवल्या, दोन मोठे सेल बिस्किटाच्या डब्यात बसवले आणि बाहेर एक बटण काढलं. पण जोडण्याआधी तो जरा घुटमळला.

"अंजनाताई, एक सांगू का? बल्ब नका लावू. आहे तसा अंधारच घेऊन जा. तक्रार अंधाराची आहे ना तुमची?"

"भाई, आमी दारात रांगोळीची गाय काढतो ती दुभतीच काढतो. गोठा रिकामा असला तरी. जे व्हावं ते काढायचं असतंय."

रांगोळी बघणाऱ्याला गोठा ठाऊक असतो, साहेबांना नसतो, एवढाच यात फरक होता. तो अंजनाच्या ध्यानात आला नाही. रहमतुल्लाच्या आला होता, पण गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही असा त्याचा धंद्याचा नियम होता.

प्रदर्शनात मोठ्या साहेबांनी बटण दाबलं. चौदाही घरांच्या कागदी खिडक्या पिवळ्याधमक उजळल्या. टाळ्या पडल्या, फोटो निघाला, अंजनाला पहिलं बक्षीस म्हणून मिक्सर मिळाला. ती साहेबांना सांगायला लागली, "सायेब, हे असं व्हायला पायजे," पण 'असं' म्हणेपर्यंत साहेब लोणच्याच्या टेबलाकडं सरकले होते. मागं राहिलेल्या वीज कार्यालयाच्या माणसानं मात्र वहीत बारकाईनं नोंद केली: चिंचमळा, घरे चौदा, दिवे चौदा, बटण एक. मार्चपर्यंत तालुक्याचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण करायचं होतं आणि अशी पाहणीनिशी खात्री झालेली वस्ती त्याला त्या वर्षात दुसरी मिळाली नव्हती.

एप्रिलात अंजना पाचवा अर्ज घेऊन गेली. कनिष्ठ अभियंत्यानं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि तिच्याकडं जरा दुखावल्यासारखं पाहिलं.

"बाई, तुमच्या वस्तीचं विद्युतीकरण डिसेंबरातच पूर्ण झालंय."

"सायेब, ते पुठ्ठ्याचं हाये."

"बांधकाम कशाचं आहे, हा आमच्या खात्याचा विषय नाही."

"पर आमच्यात लाईट न्हाई."

"मग पुरवठा खंडित झाल्याची तक्रार द्या. नवीन मागणी घेता येणार नाही."

अंजनानं तक्रार दिली. खात्याला नावं ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की, आठव्याच दिवशी लाइनमन जानकू खांद्यावर शिडी घेऊन ओढा ओलांडून हजर झाला. त्यानं वस्तीभर नजर टाकली.

"वयनी, खांब कुठंय?"

"वढ्याच्या पल्याड."

"मग लाईट कुठली गेली?"

"गेली न्हाई, आलीच न्हाई."

जानकूनं शिडी भिंतीला टेकवली आणि समजूत घातली. "गेली असंल तर तक्रार. आलीच न्हाई तर नवी मागणी. आन् विद्युतीकरण झालेल्या वस्तीला नवी मागणी भरता येत न्हाई. तुमी गेली असंच म्हना, तुमच्याच फायद्याचं हाये." मग त्यानं खिशातला कागद पाहिला. "हितं बटण एक लिवलंय. ते कुठंय?"

अंजनानं माळ्यावरून पुठ्ठ्याचा चिंचमळा काढून समोर ठेवला. जानकूनं बटण दाबलं. उजेड पडला नाही. त्याचा चेहरा एकदम खुलला, कारण बिघाड सापडला होता. सेल उतरले होते. त्यानं स्वतःच्या सरकारी बॅटरीतले दोन सेल काढून डब्यात घातले, चौदा घरं लखलखली आणि तक्रारीचं निवारण झाल्याबद्दल त्यानं अंजनाची सही घेतली. सही नाही केली तर या भल्या माणसाला पुन्हा शिडीसकट यावं लागेल, म्हणून तिनं केली. जानकू माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, "बटण दाबून ठेवू नका. सेल उतरत्यात."

तक्रार आठ दिवसांत मिटल्याची बातमी पुण्यापर्यंत गेली आणि आषाढात तिघांचं पाहणी पथक निघालं. ओढ्याला पाणी होतं. पथकानं अलीकडच्या काठावर छत्र्या उघडल्या आणि वस्तीच इकडं आणावी असा निरोप धाडला. बायकांनी पुठ्ठ्याचा चिंचमळा प्लॅस्टिकात गुंडाळला आणि दळणाच्या पाटीत ठेवून कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावरून आणला. सवयीचं काम होतं. उलट दळणापेक्षा वस्ती पुष्कळ हलकी भरली.

पथकप्रमुखांनी बटण दाबून समाधान व्यक्त केलं. मग फाइल चाळून विचारलं, "गिरणी दिसत नाही यात?"

अंजनाचा जीव भांड्यात पडला. दहा महिन्यांत गिरणीचं नाव काढणारा हा पहिलाच सरकारी माणूस होता. "सायेब, तिच्यासाठीच तर समदं चाललंय. गिरणी हाये, पर चालत न्हाई."

"वीज तर आहे." त्यांनी पुन्हा बटण दाबून दाखवलं. "तुम्ही गिरणी यात बसवा आणि तालुक्याला जमा करा. म्हणजे आम्हाला पुढची कार्यवाही करता येईल."

अंजना हरखून गेली. तीन दिवस जागची उठली नाही. काडेपेटीची गिरणी केली, बांगडीचं चाक केलं, जुन्या साटीनचा पट्टा लावला. रहमतुल्लानं मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर काढली, पण हातात धरून बसला.

"ताई, आता थांबा."

"का वो भाई?"

"ही फिरेल. म्हणून म्हणतो."

पण ती थांबली नाही. आपण तरी कुठं थांबलो असतो? वर्ष भरायला दोनच महिने राहिले होते. मोटर बसली, बटण दाबलं की चौदा दिवे लागत आणि गिरणी भुर्रर्र फिरे. अंजनानं ती पुठ्ठ्याच्या वस्तीसकट तालुक्याला जमा केली. पंधरवड्यात पत्र आलं: चिंचमळा येथील गिरणी कार्यान्वित असल्याचे आढळून आले. अध्यक्षांचे अभिनंदन. बायकांनी साखर वाटली. ठकूबाईनं मात्र पत्र उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं म्हणून तिलाच शंका आली.

"अंजे, म्हंजी दळून देतीये का ती?"

भाद्रपदात गिरणीच्या कार्यालयाचा कारकून दोन माणसं आणि एक बैलगाडी घेऊन आला. बोलायला मऊ होता. त्यानं नियम वाचून दाखवला: एका वस्तीला एकच गिरणी अनुज्ञेय आहे. चिंचमळ्याची गिरणी चालू असल्याचं सिद्ध झालं होतं. सबब पडवीतली ही दुसरी, विनावापर पडून असलेली, शासनाला परत करणं भाग होतं.

अंजना दारात आडवी उभी राहिली. "ही खरी हाये. ती खेळन्यातली."

"बाई, शांतपणे सांगा. चालते कुठली?"

अंजनानं ओठ आवळले. "ती."

"आणि ही?"

अंजना दारातून बाजूला सरली. मग माणसांनी गिरणी उचलली. वर्षभर अंजनानं त्या लोखंडाला जपलं होतं, पावसाच्या झडीपासून, उंदरांपासून. स्वतःच्या हातांचा तिला इतका राग आला की ते तिनं पदरात गुंडाळून घेतले. ठकूबाई गाडीमागं चार पावलं गेली आणि म्हणाली, "गोणपाट आमचं हाये." तेवढं तिला लगेच परत मिळालं, त्याला अर्ज लागला नाही. दुसऱ्या दिवशी दळणाची पाळी होती. बायका ओढा ओलांडून गेल्या.

पुठ्ठ्याचा चिंचमळा पुण्याला गेला. एका मोठ्या सभागृहात काचेच्या टेबलावर तो 'आदर्श वस्ती' म्हणून मांडला आहे असं कळल्यावर, दिवाळीनंतर अंजना एसटीनं बघायला गेली. रांग होती. शिकलेसवरलेले लोक सहकुटुंब आले होते आणि एकेक जण बटण दाबून पुढं सरकत होता. एक छप्पर कललं होतं. ते सरळ करायला अंजनानं हात पुढं केला, तर शिपाई म्हणाला, "हात लावू नका. फक्त बटण."

"हे माझं घर हाये," अंजना शेजारच्या बाईला म्हणाली.

"खरंच? किती गोड आहे हो."

"आमच्यात लाईट न्हाई पर."

बाईंनी पुन्हा बटण दाबलं. खिडकी उजळली. त्यांनी अंजनाकडं पाहून प्रेमानं मान डोलावली, वेड्या माणसाशी वागावं तशी, आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: खेडी किती बदलली! आपल्याला शहरात बसून कल्पना नसते.

ती वही चार महिन्यांत भरली. सगळे अभिप्राय उत्तम होते. ओढा कोणत्या बाजूला आहे हे कोणीही विचारलेलं नव्हतं. पुढं वस्तीला वीज द्यायचा प्रश्न पुन्हा निघाला तेव्हा अभिप्रायांखालच्या सह्याच वीज असल्याचा पुरावा म्हणून फाइलला जोडल्या गेल्या. शिक्षित, निःपक्षपाती नागरिकांनी समक्ष पाहून दिलेल्या, साडेअकराशे. वाचकहो, त्या रांगेत तुम्हीही होता; तुमची सही त्यात सापडत नाही. पण सही करायला सगळेच थांबले नव्हते, आणि बटण तुम्ही दोनदा दाबलं होतं.