हलायचं नाही!

न हलता बसणं या विषयात माझा हात कुणी धरणार नाही! ऑफिसात फायली येतात, जातात, पंखा फिरतो, साहेब फिरतात, पण मी तसाच. एकदा तर सफाईवाल्या मावशींनी टेबल पुसता पुसता माझ्या डोक्यावरूनही फडका मारला होता! म्हणून बायको जेव्हा म्हणाली, "पुतळ्यासारखा बसेल असा माणूस कुठून आणू?" तेव्हा मी छाती पुढे काढली. "अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

बायको एका कलादालनात काम करते. तिचं हे पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन. एका भिंतीवर जुनी तैलचित्रं आणि समोर अगदी सुरुवातीच्या काळातले फोटो. उद्घाटनाला एक फोटोवाले काका त्यांच्या खोक्याएवढ्या जुन्या कॅमेऱ्याने काचेवर फोटो काढून दाखवणार होते. तोच फोटो प्रदर्शनाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर जाणार होता.

"चित्रकारापुढे बसलेला माणूस मधेच नाक खाजवू शकायचा," उद्घाटनाच्या दिवशी दालनात बायको म्हणाली. "या कॅमेऱ्यापुढे मिनिटभर हलायचं नाही. अहो, नक्की जमेल ना? काकांकडे रसायन एकाच काचेपुरतं उरलंय. छापखान्याचा माणूस दारात ताटकळतोय."

"नाही जमलं तर नाव बदलून ठेव माझं!"

राहता राहिली रजा. ती मी सकाळीच फोनवर मिळवली होती. "साहेब, मान आखडलीय हो. तसूभर हलत नाही!" साहेब बिचारे विरघळले. "आराम करा," म्हणाले. "खिडकीत बसू नका."

तर मी खुर्चीत विराजमान झालो. मागे मिशीवाल्या गृहस्थाचं भलंमोठं तैलचित्र, आणि मी हुबेहूब त्याच्याच ऐटीत. काकांनी खुर्चीमागे एक लोखंडी दांडा उभा केला आणि त्याचा चिमटा माझ्या मानेला मागून लावून स्क्रू आवळला. जुन्या काळी लोकांना असंच स्थिर बसवत म्हणे. मान ताठ, नजर समोर. सगळं दालन माझ्याकडे बघत होतं, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडत होतं!

तेवढ्यात दारातून साहेब आले.

आता ऑफिसच्या वेळेत या माणसाचं इथे काय काम? पण बाहेर 'प्रवेश मोफत' अशी पाटी होती. साहेबांनी मला पाहिलं, मानेमागचं लोखंड पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं!

"अरेरे! लोखंड लावण्यापर्यंत गेली मान?" ते धावत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "आणि अशा अवस्थेत बायकोच्या कार्यक्रमाला आलात? धन्य आहे तुमची!"

मी तोंड उघडणार, इतक्यात काका गरजले, "हलायचं नाही! कुणीच नाही!" आणि त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं. मिनिट सुरू!

साहेब म्हणजे शिस्तीचा माणूस. जागच्या जागी गोठले. मीही गोठलो. आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभी असलेली माझी बायको, जिला मी रजेबद्दल अक्षरही सांगितलं नव्हतं, ती गोड हसून म्हणाली, "साहेब, गैरसमज नको हं! हा उपचार नाही, फोटोसाठीचा आधार आहे. यांची मान एकदम ठणठणीत! सकाळीच माळ्यावरची ट्रंक डोक्यावर घेऊन खाली उतरवलीय!"

खांद्यावरचा हात जड झाला. साहेबांची पापणीसुद्धा हलली नसेल, फक्त बोटं आवळत गेली. मी बायकोला गप्प करायला डावीकडे डोळे वटारले. भागेना, म्हणून जोर लावून मान वळवली. मग साहेबांचा चेहरा कसा झालाय ते बघायला उजवीकडे वळवली. मग आठवलं, हलायचं नाही! झटकन समोर आणली. मानेत 'कट्' असा आवाज आला.

"झालं!" काका म्हणाले.

काच धुऊन बाहेर आली. साहेब राजबिंडे! एकेक केस मोजून घ्यावा. मागचा मिशीवालाही झकास. आणि मधे माझ्या कोटातून तीन डोकी उगवलेली, तिन्ही धुरकट!

बायकोचे डोळे भरून आले. बढाई माझी, आणि पहिलं पुस्तक तिचं! पण मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं दालन हसायला लागलं, आणि बघता बघता काचेभोवती झुंबड उडाली. छापखान्याचा माणूसही पोट धरून म्हणाला, "बाई, हाच द्या! हाच!" बायकोने डोळे पुसले आणि पेन उघडलं.

तिने माझा शब्द पाळला. माझं नाव बदललं. शेवटच्या पानावर फोटोखाली छापलंय, 'मिशीवाला गृहस्थ, न हललेले साहेब आणि हललेला इसम.'

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तर मान खरोखरच आखडलेली! देवाशपथ, तसूभर हलेना. बायकोने फोन माझ्या कानाला लावून धरला.

"साहेब, मान..."

"हो का?" पलीकडून साहेब अत्यंत प्रेमाने म्हणाले. "काल तीन डोकी होती ना तुम्हाला? त्यातलं जे वळत असेल, ते घेऊन या!"